पिकअपचे क्लच पेडल खाली बसते? क्लच सिलिंडरची तपासणी, बदल आणि हवा काढण्याची पद्धत

शेतमाल वाहतुकीच्या अनेक पिकअप, जीप आणि टेम्पोंमध्ये क्लच तारेऐवजी तेलाच्या दाबावर चालतो. अशा गाडीचे पेडल मऊ लागू लागले, जमिनीला टेकू लागले किंवा गिअर टाकताना करकर होऊ लागली, की बहुतेक वेळा पहिला निष्कर्ष ‘क्लच प्लेट गेली’ असाच निघतो. मग गिअरबॉक्स उतरवला जातो, प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग असा पूर्ण संच बदलला जातो आणि गाडी दोन दिवस गॅरेजमध्ये पडते. काढणीच्या दिवसांत हे दोन दिवस फार महाग पडतात. तोडलेला टोमॅटो किंवा पेटीत भरलेली द्राक्षे गाडीची वाट पाहत थांबत नाहीत.

प्रत्यक्षात अशा अनेक गाड्यांत दोष प्लेटचा नसून सिलिंडरमधील एका लहान रबरी सीलचा असतो. सिलिंडर बदलणे व हवा काढणे हे गिअरबॉक्स न उतरवता काही तासांत होणारे काम आहे. कोणता दोष आहे हे आधी दहा मिनिटांत तपासता येते, आणि ती तपासणी शेतकऱ्याला स्वतःही करता येते.

आपल्या गाडीत हा क्लच आहे का?

बॉनेट उघडून ड्रायव्हरच्या बाजूच्या पत्र्याकडे पाहावे. क्लच पेडलच्या सरळ रेषेत पत्र्यावर एक छोटा सिलिंडर बसवलेला असेल आणि त्याला ऑइलची डबी किंवा डबीकडून आलेली नळी जोडलेली असेल, तर क्लच हायड्रॉलिक आहे. हा वरचा म्हणजे मास्टर सिलिंडर. तेथून निघालेला पाइप खाली गिअरबॉक्सच्या पुढील घंटेसारख्या भागापर्यंत जातो. तेथे दोन बोल्टवर बसलेला असतो तो खालचा म्हणजे स्लेव्ह सिलिंडर. पेडलपासून जाड तार निघालेली दिसली तर क्लच तारेवरचा आहे आणि या लेखातील माहिती त्याला लागू होत नाही.

बहुतेक ट्रॅक्टरांमध्ये क्लच लोखंडी दांड्यांवर चालतो. काही मोठ्या ट्रॅक्टरांत मात्र तेलावर चालणारा क्लच येतो. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ‘हायड्रॉलिक’ म्हटले की आपल्याला नांगर उचलणारी लिफ्ट किंवा ट्रॉली उलटवणारा जॅक आठवतो. क्लचच्या तेलाचा त्या तेलाशी काहीही संबंध नाही, आणि लिफ्टचे ऑइल पिकअपच्या क्लचमध्ये ओतल्यास आतील सर्व रबरे खराब होतात. त्याविषयी पुढे सविस्तर दिले आहे.

पेडल दाबल्यावर आत काय होते

पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील पिस्टन पुढे सरकतो आणि समोरचे तेल पाइपमधून खाली ढकलतो. हे तेल स्लेव्ह सिलिंडरच्या पिस्टनला बाहेर ढकलते, त्याची दांडी फोर्कला रेटते, फोर्क रिलीज बेअरिंगला दाबतो आणि क्लच सुटतो. तेल दाबले तरी आकसत नाही, म्हणून वरची हालचाल जशीच्या तशी खाली पोहोचते.

यात सरकणारे तेल किती थोडे असते हे लक्षात घेतले की पुढचे सर्व समजते. उदाहरणादाखल मास्टर सिलिंडरचा व्यास १६ मि.मी. आणि त्याच्या पिस्टनची चाल २५ मि.मी. धरू. एका दाबात ढकलले जाणारे तेल सुमारे ५ मि.लि. भरते, म्हणजे एक चहाचा चमचा. स्लेव्हचा व्यास २० मि.मी. असेल तर त्याची दांडी सुमारे १६ मि.मी. बाहेर येते. आता पाइपमध्ये कोठेतरी १ मि.लि. हवा अडकली आहे असे समजा. हवा दाबली की आकसते. त्यामुळे तेवढे तेल हवा दाबण्यातच वाया जाते आणि दांडी १६ ऐवजी जेमतेम १३ मि.मी. सरकते. एवढ्या फरकाने क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर करकरतो. सीलमधून पाव चमचा तेल मागे निसटले तरी परिणाम हाच होतो. पेडलवर पाय ठेवणाऱ्याला मात्र दोन्ही वेळा सारखेच वाटते, म्हणून नुसत्या पायाच्या अंदाजावर निदान करू नये.

दोष कोठे आहे हे ओळखणे

सर्वप्रथम ऑइलची डबी पाहावी. अनेक गाड्यांत ब्रेक आणि क्लच यांची डबी एकच असते. क्लचकडे जाणारी नळी डबीला तळापेक्षा बरीच वर जोडलेली असते, जेणेकरून क्लचची गळती झाली तरी ब्रेकसाठी तेल शिल्लक राहावे. त्यामुळे डबी अर्धी भरलेली दिसत असतानाही क्लच हवा ओढू शकतो. ‘ऑइल तर आहे’ म्हणून येथेच तपासणी थांबवली जाते. पातळी वरच्या खुणेपर्यंत आहे का, हेच पाहावे. ती खाली आली असेल तर तेल कोठेतरी गेलेले आहे. ब्रेकची पॅडे झिजल्यावरही पातळी थोडी उतरते, परंतु काही दिवसांतच खूप उतरली तर ती गळती समजावी. डबी एकच असलेल्या गाडीत ही गळती क्लचची की ब्रेकची हे ठरेपर्यंत माल भरू नये.

यानंतर गाडीखाली पाहावे. स्लेव्ह सिलिंडरच्या तोंडाशी रबरी डस्ट कव्हर असते. ते बोटाने थोडे मागे सरकवावे. आतून तेल ओघळले तर स्लेव्हचे सील गेले आहे. कव्हर बाहेरून कोरडे आणि आत ओले, असे अनेकदा आढळते. म्हणून ते सरकवून पाहिल्याशिवाय सिलिंडर चांगला आहे असे म्हणू नये.

खाली कोरडे असेल तर केबिनमध्ये पेडलजवळ पाहावे. मास्टरची दांडी पत्र्यातून जेथे आत येते तेथे बोट फिरवावे. बोट ओले झाले, तेथील रंग फुगलेला किंवा सोललेला दिसला, पायाखालची चटई चिकट लागली, तर मास्टरचे मागील सील गळते आहे. ब्रेक ऑइल रंग खाते, त्यामुळे ही खूण सहसा चुकत नाही.

दोन्हीकडे कोरडे आहे, डबी भरलेली आहे आणि तरीही पेडल दाबून धरले असता हळूहळू खाली बसत जाते, असेही होते. यात तेल बाहेर गळत नाही. मास्टरच्या पुढच्या सीलवरून ते मागे डबीत परत जाते. असा दोष बाहेरून दिसत नाही, म्हणून यातच सर्वाधिक वेळा प्लेटवर दोष ढकलला जातो.

पेडल पहिल्या दाबात मऊ लागते पण चार-पाच वेळा भराभर पंप केल्यावर घट्ट होते आणि गिअर पडतो, हे हवेचे लक्षण आहे. हवा मात्र आपोआप शिरत नाही. नुकतेच काम झाले नसेल तर हवा जेथून शिरली ती गळती शोधावीच लागते. नुसती हवा काढून दिली तर आठवडाभरात पेडल पुन्हा बसते. रबरी होज जुना असेल तर कोणाला तरी पेडल दाबायला सांगून तो हातात धरून पाहावा. दाबाने फुगत असेल तर तोही बदलावा.

आता सर्वात महत्त्वाची तपासणी. गाडी सपाट जागी, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला आणि चाकांना दगड लावलेले. एकाने पेडल पूर्ण दाबावे, दुसऱ्याने स्लेव्हची दांडी किती बाहेर येते ते पट्टीने मोजावे. गाडीच्या माहितीपुस्तिकेत किंवा सर्व्हिस सेंटरकडे मिळणाऱ्या आकड्याशी ते जुळवावे. आकडा मिळाला नाही तर त्याच मॉडेलच्या चांगल्या चालणाऱ्या गाडीवर मोजून तुलना करावी. गावात ती बहुधा मिळतेच. दांडी कमी सरकते, तर दोष तेलाच्या बाजूला आहे. दांडी पूर्ण सरकते आणि तरीही गिअर करकरतो, तर दोष फोर्क, बेअरिंग किंवा प्लेटमध्ये आहे आणि गिअरबॉक्स उतरवण्याला पर्याय नाही. हे एक माप घेतल्याशिवाय गिअरबॉक्स उतरवायला परवानगी देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

उलट प्रकारही असतो. इंजिन जोर करते, आवाज वाढतो, पण घाटात गाडी ओढत नाही. याला क्लच घसरणे म्हणतात आणि बहुधा त्यात प्लेटच झिजलेली असते. तरी एक साधी खात्री करून घ्यावी. स्लेव्हचे निपल किंचित सैल केल्यावर पेडल न दाबताच तेल जोरात उडाले, तर पाइपमध्ये दाब अडकून राहतो आहे. आतून सुजलेला होज किंवा पेडलला मोकळी चाल नसणे ही त्याची कारणे असू शकतात. अशा वेळी प्लेट बदलली तर नवी प्लेटही तशीच घसरून जळते.

काही गाड्यांत स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या पुढील घंटेच्या आत, शाफ्टभोवती बसवलेला असतो. तो बदलायला गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. अशा गाडीत बाहेर फक्त पाइप आणि निपल दिसते, दांडी दिसत नाही. एवढा खर्च करून गिअरबॉक्स उतरवलाच आहे तर क्लच प्लेटची जाडीही त्याच वेळी पाहून घ्यावी.

कोणते ऑइल वापरावे

डबीच्या झाकणावर लिहिलेले असते तेच. बहुतेक पिकअपमध्ये ‘डॉट ३’ किंवा ‘डॉट ४’ ब्रेक ऑइल लागते. डॉट ३ चा किमान उत्कलनबिंदू कोरड्या अवस्थेत २०५ अंश सेल्सिअस, तर डॉट ४ चा २३० अंश असतो. ही तेले हवेतील ओलावा शोषून घेतात. सुमारे ३.७ टक्के पाणी मुरल्यावर हेच किमान आकडे अनुक्रमे १४० आणि १५५ अंशांवर येतात. कोकणात किंवा सह्याद्रीच्या पायथ्याला चार महिने पावसात फिरणाऱ्या गाडीच्या तेलात पाणी लवकर मुरते. क्लचमध्ये तेल उकळण्याचा धोका ब्रेकपेक्षा कमी असतो. पण हेच पाणी सिलिंडरच्या आतील भिंतीवर बारीक खड्डे पाडते आणि ते खड्डे नवे सीलही कापतात. तेल दर दोन वर्षांनी बदलावे. डबीतील तेल काळे दिसू लागले असेल तर दोन वर्षांची वाट पाहू नये.

डॉट ३ च्या जागी डॉट ४ चालते. ‘डॉट ५’ मात्र सिलिकॉनचे असते. ते यात मिसळू नये. नावात थोडाच फरक असलेले ‘डॉट ५.१’ हे वेगळे, डॉट ४ च्याच जातीचे तेल आहे. दुकानात घाईत ही गल्लत होते.

इंजिन ऑइल, गिअर ऑइल, लिफ्टचे ऑइल, डिझेल, रॉकेल, पेट्रोल यांपैकी काहीही या यंत्रणेत जाऊ देऊ नये. ब्रेक ऑइलसाठी बनवलेली रबरे खनिज तेलात फुगतात आणि मऊ पडतात. सिलिंडर डिझेलमध्ये बुडवून धुण्याची पद्धत सर्रास आहे. ती येथे चालत नाही. आतील भाग फक्त ताज्या ब्रेक ऑइलने किंवा ब्रेक क्लीनरने धुवावेत. सीलला ग्रीस लावू नये, ब्रेक ऑइलच लावावे. चुकून दुसरे तेल पडलेच, तर पेडल दाबू नये आणि गाडी सुरू करू नये. तेल पाइपमध्ये गेले असल्यास दोन्ही सिलिंडरची रबरे, होज आणि झाकणातील रबर बदलून पाइप धुवावा लागतो. डबी ब्रेकशी सामाईक असेल तर ब्रेकचीही तीच गत होते, आणि तो केवळ खर्चाचा नव्हे तर जिवाचा प्रश्न आहे.

याच्या नेमके उलट काही ट्रॅक्टरांत असते. तेथे क्लच व ब्रेकसाठी खनिज तेल ठरवलेले असते आणि त्यात डॉट ३ किंवा डॉट ४ टाकले तर त्याची रबरे जातात. म्हणून झाकण वाचल्याशिवाय बाटली उघडू नये.

रबर किट की पूर्ण सिलिंडर?

किट स्वस्त पडते, परंतु ते टिकणे सिलिंडरच्या आतील भिंतीवर अवलंबून असते. सिलिंडर उघडून पुसल्यावर आत नख फिरवावे. नख कोठेही अडकले, गंजाचे ठिपके किंवा उभ्या रेघा दिसल्या, तर किट टाकू नये. घासून गुळगुळीत करण्याचा प्रयत्नही करू नये, कारण व्यास वाढला की सील सैल पडते आणि ॲल्युमिनियमच्या सिलिंडरचा वरचा कठीण थर निघून जातो. भिंत आरशासारखी असेल तर किट चालते.

नाशवंत माल वाहणाऱ्या गाडीसाठी आम्ही पूर्ण सिलिंडरच सुचवू. कसारा किंवा माळशेज घाटात भरलेली गाडी अडकल्यावर किटमध्ये वाचलेले पैसे टोइंगलाही पुरत नाहीत. दुसरा प्रश्न विचारला जातो तो दोन्ही सिलिंडर एकदम बदलावेत का हा. दोन्हींची रबरे एकाच वयाची असतात. खालचा नवा बसवल्यावर काही आठवड्यांत वरचा बसल्याचे अनुभव गॅरेजवाले सांगतात. गाडी जुनी असेल आणि हंगाम तोंडावर असेल तर दोन्ही बदलावेत. हंगाम संपल्यावर काम निघाले असेल तर एक बदलून दुसऱ्यावर लक्ष ठेवले तरी चालेल.

स्लेव्ह सिलिंडर बदलणे

गाडी सपाट व टणक जागी उभी करावी. खाली शिरण्यासाठी उचलायची असेल तर जॅकवर भरवसा ठेवू नये. चेसिसखाली स्टँड द्यावेत. विटा फुटतात, त्या वापरू नयेत. इंजिन व सायलेन्सर थंड होऊ द्यावा. डोळ्यांवर चष्मा लावावा, कारण खाली झोपून निपल सोडताना तेल थेट तोंडावर येते. डोळ्यांत गेल्यास भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

सिलिंडर, पाइपचे टोक आणि आजूबाजूचा चिखल आधी ब्रशने व कापडाने पूर्ण साफ करावा. शेतात चालणाऱ्या गाडीत हा टप्पा सर्वात जास्त वेळ खातो आणि तोच टाळला जातो. मातीचा एक कण पाइपमध्ये गेला तर नवे सील पहिल्याच दिवशी कापले जाऊ शकते.

पाइपचा नट सिलिंडर अजून बोल्टवर घट्ट असतानाच सैल करावा. यासाठी उघड्या पान्याऐवजी पाइप नटसाठी मिळणारा फटीचा रिंग पाना घ्यावा. उघड्या पान्याने पितळी नटाचे कोपरे गोल होतात आणि मग पूर्ण पाइपच बदलावा लागतो. नट गंजला असेल तर बाहेरून गंज सोडवणारे तेल मारून अर्धा तास थांबावे आणि ते पुसूनच नट सोडावा. पाइप सुटताच त्याच्या तोंडाला स्वच्छ रबरी टोपी लावावी, नाहीतर डबी रिकामी होऊन वरपर्यंत हवा भरते. मग दोन बोल्ट काढून सिलिंडर उतरवावा.

नवा सिलिंडर जुन्याशेजारी ठेवून पाहावा. बोल्टमधील अंतर, पाइपचे आटे, दांडीची लांबी आणि आतील व्यास जुळला पाहिजे. एकाच गाडीच्या वेगवेगळ्या वर्षांच्या मॉडेलमध्ये फरक असू शकतो, म्हणून दुकानात जाताना जुना सिलिंडर सोबत न्यावा. दांडीचे टोक फोर्कच्या खळग्यात बसते. तेथे मात्र चिमूटभर ग्रीस लावावे. पाइपचा नट आधी बोटांनी तीन-चार आटे फिरवावा, मगच बोल्ट आणि नट आवळावेत. पोकळ बोल्ट आणि तांब्याचे वॉशर असलेल्या जोडात वॉशर नवेच टाकावेत. होजला पीळ पडलेला नाही आणि तो सायलेन्सरला चिकटत नाही, हे पाहावे.

मास्टर सिलिंडर बदलताना

पद्धत तीच आहे, फरक दोन-तीन ठिकाणी. डबीतील तेल आधी नव्या, कोरड्या सिरिंजने ओढून घ्यावे आणि सिलिंडरखाली जाड कापड पसरावे. तेल रंगावर सांडलेच तर पुसत न बसता लगेच पाणी ओतावे. केबिनमध्ये दांडी पेडलला पिनने जोडलेली असते. त्या पिनची दुभंग खिळी काढल्यावर पुन्हा वापरू नये, नवी टाकावी.

नवा मास्टर गाडीवर चढवण्यापूर्वीच त्यातील हवा काढलेली चांगली. तो पकडीत आडवा धरावा, तेल भरावे आणि गोल टोकाच्या दांडीने पिस्टन हळूहळू दाबत राहावे. बुडबुडे थांबले की मगच बसवावा. हे न केल्यास नंतर खालून कितीही हवा काढली तरी पेडल घट्ट होत नाही, आणि दोष नव्या सिलिंडरच्या माथी मारला जातो.

बसवल्यानंतर पेडलची मोकळी चाल तपासावी. पेडल सोडलेले असताना दांडी आणि पिस्टन यांत किंचित फट राहिलीच पाहिजे. ती नसेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, डबीकडे जाणारे बारीक छिद्र बंद राहते आणि वर सांगितल्याप्रमाणे दाब अडकतो. किती मि.मी. चाल ठेवायची ते गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे.

हवा काढणे

दोन माणसे, निपलला नेमका बसणारा रिंग पाना, निपलवर घट्ट बसणारी हातभर पारदर्शक नळी, एक काचेची बाटली आणि ब्रेक ऑइलची सीलबंद नवी बाटली एवढे पुरते. आधीची उघडून ठेवलेली बाटली वापरू नये. बाटलीत थोडे ताजे तेल घेऊन नळीचे टोक त्यात बुडवून ठेवावे, म्हणजे बुडबुडे दिसतात आणि हवा परत ओढली जात नाही.

डबी वरच्या खुणेपर्यंत भरावी. वरच्याने पेडल तीन-चार वेळा सावकाश दाबावे, शेवटी दाबून धरावे आणि मोठ्याने ‘धरलंय’ म्हणावे. खालच्याने निपल पाव ते अर्धा फेरा सैल करावे. तेल व बुडबुडे बाहेर येतात आणि पेडल खाली जाते. ते तळाला टेकले तरी वरच्याने पाय उचलायचा नाही. खालच्याने निपल बंद करून ‘सोड’ म्हटल्यावरच पाय काढायचा. सर्व काम या क्रमावर अवलंबून आहे. निपल उघडे असताना पाय उचलला गेला तर काढलेली हवा आट्यांमधून पुन्हा आत जाते. सुरुवातीला पेडल स्वतःहून वर येत नाही. ते हाताने किंवा पायाच्या बोटाने वर ओढावे.

हे आठ-दहा वेळा करावे लागते. दर तीन-चार फेऱ्यांनंतर डबी भरावी. ती एकदा रिकामी झाली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. बाटलीत जमलेले तेल स्वच्छ दिसले तरी डबीत परत ओतू नये. सलग तीन-चार वेळा बुडबुडे न येता स्वच्छ तेल आले की निपल बंद करून त्यावर रबरी टोपी बसवावी. निपल मनगटाच्या जोरावरच आवळावे. लांब पाना लावला तर ते तुटते आणि सिलिंडर वाया जातो.

माणूस एकटाच असेल तर निपल थोडे उघडून, नळी बाटलीत सोडून तेल आपोआप ठिबकू द्यावे. पंधरा-वीस मिनिटे लागतात. डबीवर लक्ष ठेवावे लागते, बाकी काही नाही. सरळ उतरता पाइप असलेल्या गाड्यांत ही पद्धत पुष्कळदा पुरेशी ठरते.

हवा निघतच नसेल तर निपलची जागा पाहावी. हवा नेहमी वर चढते. निपल सिलिंडरच्या खालच्या अंगाला आले असेल, किंवा पाइप मध्येच उंच जाऊन खाली आला असेल, तर हवा त्या उंचवट्यात बसून राहते. अशा वेळी स्लेव्हचे दोन बोल्ट काढून, पाइप तसाच जोडलेला ठेवून, सिलिंडर निपल वर येईल असा धरावा. निपल बंद ठेवून दांडी हाताने सावकाश पूर्ण आत दाबावी. आतील हवा पाइपमधून वर डबीत बुडबुड्यांच्या रूपाने येते. दांडी हळूहळू बाहेर येऊ द्यावी आणि पुन्हा दाबावी. या वेळी पेडलला कोणीही हात लावू नये, नाहीतर पिस्टन सिलिंडरबाहेर उडतो. तरीही जमले नाही तर नव्या सिरिंजने खालच्या निपलमधून तेल वर चढवावे. डबी ओसंडू नये म्हणून आधी अर्धी रिकामी करावी. जनावरांच्या औषधाची किंवा कीटकनाशक मोजलेली सिरिंज यासाठी वापरू नये.

गाडी रस्त्यावर नेण्यापूर्वी

गाडीच्या पुढे-मागे कोणी नसताना, हँडब्रेक ओढून व ब्रेकवर पाय ठेवून इंजिन सुरू करावे. क्लच पूर्ण दाबून तीन-चार सेकंद थांबावे आणि रिव्हर्स गिअर टाकावा. बहुतेक गाड्यांत रिव्हर्सला इतर गिअरसारखी वेग जुळवणारी रचना नसते, त्यामुळे क्लच जरासाही अपुरा सुटत असेल तर तो येथेच करकरतो. गिअर मुकाट पडला तर पेडल मिनिटभर तसेच दाबून धरावे. गाडी पुढे-मागे ओढ घेऊ लागली तर कोठेतरी अजून तेल निसटते आहे. इंजिन बंद करून सर्व जोड कोरड्या कापडाने पुसावेत आणि अर्ध्या तासाने बोटाने तपासावेत. डबी सामाईक असेल तर ब्रेक पेडलही घट्ट लागते का ते पाहावे, आणि पहिली फेरी रिकाम्या गाडीने गावातल्या गावात मारावी.

कृषी सहायक व सल्लागारांसाठी

शेतकऱ्याचा फोन आल्यास तीन गोष्टी विचाराव्यात. पंप केल्यावर पेडल घट्ट होते का, डबीतील पातळी गेल्या महिन्यात उतरली का, आणि इंजिन जोर करूनही गाडी ओढत नाही असे होते का. पहिल्या दोघांना ‘हो’ आणि तिसऱ्याला ‘नाही’ असे उत्तर असेल, तर गिअरबॉक्स न उतरवता आधी सिलिंडर पाहा असे निःशंक सांगता येते. गाडी भरून निघालेली असेल तर पंप करत घाट उतरण्याचा सल्ला देऊ नये. सपाट रस्त्यावर जवळच्या गॅरेजपर्यंत, डबी भरून, सावकाश नेणे इतपतच ठीक.

काढलेले जुने तेल विहिरीजवळ, पाटात किंवा बांधावर ओतू नये. ते चवीला गोडसर आणि विषारी असते. पाण्याच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरून गोठ्यात ठेवले तर मुले व जनावरे दोघांनाही धोका आहे. झाकण असलेल्या वेगळ्या डब्यात, त्यावर नाव लिहून, गॅरेजमध्ये द्यावे.

गाडीत ब्रेक ऑइलची एक लहान सीलबंद बाटली, निपलचा पाना आणि हातभर नळी कायम ठेवावी. बाटली एकदा उघडली की उरलेले तेल पुढच्या हंगामासाठी राखून ठेवू नये.